भूल घेण्याआधी: नागपुरातल्या पेशंट आणि नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन ठरलं की घरचे सगळे सर्जनला गाठतात. भूल देणारा डॉक्टर भेटतो तो बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी, पाच-दहा मिनिटांसाठी, आणि तेव्हा सगळे एकच विचारतात: "काही होणार तर नाही नं जी?" बाकीचे प्रश्न मग मला लिफ्टमध्ये, रिकव्हरीच्या दारात, कधी लग्नाच्या पंगतीतही विचारले जातात. धंतोली-रामदासपेठेतल्या ओटींमध्ये (ऑपरेशन थिएटरांत) वर्षानुवर्षं भूल देताना कानावर पडलेले हे प्रश्न आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या पेशंटचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणारा भूलतज्ज्ञच घेईल.

रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही असं सांगितलंय. खरंच गरज आहे का?

बहुतेकांना नाही. उपाशी का ठेवतात ते आधी समजून घ्या. पूर्ण भुलीत खोकला आणि घशाची राखण थांबते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुफ्फुसात उतरू शकतं, आणि ते जिवावर बेततं. पण पोळी-भाजी आणि पाणी पोटात सारखा वेळ थांबत नाहीत. पाणी भराभर पुढे सरकतं. म्हणूनच अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ सालीच लिहून ठेवलं की साधं पाणी आणि त्यासारखे स्वच्छ द्रव भुलीच्या २ तास आधीपर्यंत चालतात. हलकं खाणं आणि दूध ६ तास आधी, तळलेलं किंवा तेलकट ८ तास आधी, आईचं दूध ४ तास आधी. २०१७ आणि २०२३ च्या सुधारणांतही २ तासांचा नियम कायम राहिला. युरोपातल्या संघटनेने २०२२ मध्ये लहान मुलांसाठी तो आणखी सैल केला: पाणी १ तास आधीपर्यंत, आईचं दूध ३ तास आधीपर्यंत.

मग आपल्याकडे अजून "बारानंतर बंद" का? कारण ते सांगायला सोपं आहे. ओटीची लिस्ट सकाळी बदलते, तिसऱ्या नंबरचा पेशंट पहिला होतो, आणि वॉर्डातल्या सिस्टरला नक्की वेळ कोणी सांगितलेली नसते. तिचा मला राग येत नाही. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर, कूलर गरम हवा फेकतोय, आणि ७० वर्षांची आजी रात्री बारापासून दुपारी दोनपर्यंत कोरडी, हे चित्र मला बघवत नाही. अशा पेशंटचं बीपी भूल देताच धाडकन पडतं. नवतप्यात तर मी आदल्या दिवशी स्वतः फोन करून सांगतो, "सकाळी सहाला उठून एक पेला पाणी पाजा."

अपवाद आहेत. आतड्याला अडथळा, अपघातानंतरचं तातडीचं ऑपरेशन, बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाने मंदावलेलं पोट आणि बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली बाई, यांचं गणित वेगळं असतं. तिथे डॉक्टर सांगतील तेच करायचं.

मग संत्र्याचा रस चालेल? चहा? ताक?

पेल्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं तर तो स्वच्छ द्रव. पाणी, नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, दूध न घातलेला चहा, हे चालतं. संत्र्याचा रस बारीक गाळून, गर अजिबात नसेल तर चालतो, पण आपल्या रसवंतीवर मिळतो तो गराचा रस चालत नाही. ताक, लस्सी आणि दुधाचा चहा खाण्यात मोडतात. तर्री पोहे ८ तासांच्या यादीत. सावजीचं जेवण आदल्या रात्री उशिरा झालं असेल तर मला सांगा, मी रागावणार नाही, फक्त वेळ पुढे ढकलेन.

वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन घेतो. ऑपरेशनशी त्याचा काय संबंध?

खूप संबंध आहे, आणि तो कोणी आपणहून सांगत नाही. मौंजारो नावाचं असंच इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. त्या आणि सेमाग्लुटाइडच्या गटातली औषधं पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतात. पेशंट ८ तास उपाशी आहे, तरी सोनोग्राफीत पोटात अन्न दिसतंय, असं होऊ शकतं. जून २०२३ मध्ये अमेरिकन संघटनेने सांगितलं की आठवड्याचं इंजेक्शन आठवडाभर आधी बंद करा. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, अनेक संघटनांनी मिळून ते सौम्य केलं: बऱ्याच पेशंटनी औषध चालू ठेवावं, मात्र ज्यांचा धोका जास्त (डोस नुकताच वाढवलाय, मळमळ-उलटी होतेय) त्यांनी आदल्या २४ तासांत फक्त पातळ आहार घ्यावा. शंका राहिली तर भूल देण्याआधी पोटाची सोनोग्राफी करायची. दीड वर्षाच्या आत सल्ला बदलला म्हणून कोणाला हा गोंधळ वाटेल. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. तुमचं काम एवढंच: इंजेक्शन घेत असाल तर नाव आणि शेवटची तारीख सांगा. "ते तर फक्त बारीक व्हायचं आहे" म्हणून यादीतून गाळू नका.

शुगर आणि बीपीच्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या की नाही?

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा "फ्लोझिन"ने संपणाऱ्या गोळ्या पाकिटावर शोधा. त्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, आणि उपाशी पोटी शरीरात आम्ल साठू शकतं. घातक भाग असा की तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसते, त्यामुळे कोणाला संशयच येत नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने या गोळ्या ठरलेल्या ऑपरेशनच्या ३ दिवस आधी थांबवायला सांगितलं (अर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस). पेटंट संपल्यापासून डापाग्लिफ्लोझिन स्वस्त झाली आणि आता गल्लीतल्या मेडिकल स्टोअरमध्येही मिळते. हृदयाच्या आजारासाठीही देतात, त्यामुळे शुगर नसलेल्या माणसाकडेही ती सापडते.

बीपीच्या "प्रिल" आणि "सार्टान" गोळ्यांवर आमच्यातच वर्षानुवर्षं वाद होता. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या २,२२२ पेशंटचा अभ्यास आला. निम्म्यांनी गोळी चालू ठेवली, निम्म्यांनी दोन दिवस आधी बंद केली. दोन्हीकडे गुंतागुंत २२ टक्के. चालू ठेवणाऱ्यांचं बीपी ऑपरेशनमध्ये जास्त वेळा खाली गेलं, एवढाच फरक. म्हणून एखाद्या डॉक्टरने "घ्या" म्हटलं आणि दुसऱ्याने "नको", तर दोघांनाही वेड्यात काढू नका.

खर्रा खातो. भुलीला काय फरक पडतो?

हा प्रश्न फक्त विदर्भातच विचारला जातो, आणि मी त्यावर तासभर बोलू शकतो.

पूर्ण भुलीत श्वासासाठी एक नळी तोंडातून श्वासनलिकेत घालावी लागते. त्यासाठी तोंड उघडायला हवं. वर्षानुवर्षं पन्नीत घोटलेली सुपारी, चुना आणि तंबाखू गालात धरला की गालाच्या आतली त्वचा पांढरी पडते, आक्रसते, दोरखंडासारखी घट्ट होते. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडेनासं होतं. घरी करून पाहा: आपली तीन बोटं एकमेकांवर ठेवून उभी दातांमध्ये जातात का? दोनच गेली तर सांगा. एकच गेलं तर ऑपरेशनच्या आठवडाभर आधी सांगा.

पंचविशीतली मुलं माझ्यासमोर बसतात आणि त्यांच्या तोंडात पाण्याचा पेला तिरपा करूनच जातो. त्यांना हाड मोडल्याचं दुःख असतं, तोंडाचं काही वाटत नाही. "हे तर असंच आहे जी." अशा तोंडात नळी घालताना घसा दाखवणारं नेहमीचं उपकरण, लॅरिंजोस्कोप, जातच नाही. भूल देऊन झाल्यावर हे कळलं तर पेशंट श्वास घेत नाही आणि नळी जात नाही. आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट मिनिट नाही.

कॅमेरा असलेल्या व्हिडिओ लॅरिंजोस्कोपने इतर ठिकाणी मोठा फरक पडला. २०२३ मध्ये अमेरिकेत १,४१७ अत्यवस्थ पेशंटवरच्या अभ्यासात पहिल्याच प्रयत्नात नळी गेली ती कॅमेऱ्याने ८५ टक्के, साध्याने ७१ टक्के. पण कॅमेऱ्याचं पातंही तोंडातूनच जायचं आहे. एका बोटाएवढंच तोंड उघडत असेल तर आम्ही घसा बधिर करून, पेशंट जागा असतानाच, नाकातून बारीक लवचिक दुर्बिणीवरून नळी सरकवतो. ऐकायला भीषण वाटतं, पण सवयीच्या हाताने ते सुरक्षित आहे. त्यासाठी तयारी लागते, आणि तयारीसाठी मला आधी माहीत असायला हवं.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानठेल्यावर काय चालतं ते तुम्हालाही दिसतं, मलाही. ऑपरेशनच्या सकाळी "पाणीही नाही प्यालो डॉक्टर, फक्त एक खर्रा खाल्ला" असं सांगणारा पेशंट मला दर महिन्याला भेटतो. तो प्रामाणिक असतो, म्हणून मला आवडतो.

घरात सिकलसेल आहे. भूल देता येते?

येते, पण माहीत असलं पाहिजे. विदर्भात हा आजार इतक्या घरांत आहे की इथल्या भूलतज्ज्ञाने तो विचारायचा राहिला तर चूक त्याची. रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात त्या ऑक्सिजन कमी पडला, शरीर कोरडं झालं, थंडी वाजली किंवा रक्तात आम्ल वाढलं की. म्हणजे ओटीत निष्काळजीपणे जे जे घडू शकतं ते सगळं. म्हणून अशा पेशंटला रात्रभर कोरडं ठेवायचं नाही, सलाइन वेळेत सुरू करायचं, एसी कमी ठेवून गरम हवेचं पांघरूण घालायचं, ऑपरेशननंतरही ऑक्सिजन आणि वेदनेवर लक्ष ठेवायचं.

आधी रक्त द्यायचं का? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्त न दिलेल्यांपैकी ३९ टक्के पेशंटना गुंतागुंत झाली, आधी रक्त दिलेल्यांपैकी १५ टक्क्यांना. न दिलेल्या गटात गंभीर घटना वाढल्या म्हणून तो मध्येच थांबवला गेला. पेशंटची संख्या ७० च्या आसपासच होती, तरी मध्यम आकाराच्या ऑपरेशनला रक्त देण्याकडे कल वळला तो यामुळे. हिमोग्लोबिन साधारण १० पर्यंत नेतात, फार वर नाही, कारण रक्त घट्ट होतं. फक्त वाहक असाल तर बहुतेक वेळा काहीच वेगळं लागत नाही, पण तरी सांगा. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. तपासणीचं कार्ड मिळालं असेल तर ते कपाटात ठेवू नका, फाइलला लावा.

सीझरच्या वेळी मणक्यात इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर दुखते. त्यामुळेच ना?

बहुतेक नाही. टोचलेली जागा काही दिवस दुखते, ते खरं. वर्षानुवर्षांची कंबरदुखी मात्र गरोदरपणात सैल झालेले सांधे, वाकून अंघोळ घालणं, मांडीवर बाळ घेऊन तासन्‌तास पाजणं आणि व्यायाम शून्य, यातून येते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि आम्ही सुई त्याच्या खाली घालतो.

या इंजेक्शननंतरच्या डोकेदुखीची गोष्ट वेगळी, ती खरी असते. बसलं की ठणका, आडवं झालं की आराम. पेन्सिलच्या टोकासारख्या बारीक सुया आल्यापासून ती बरीच कमी झाली. आणि ते "२४ तास उशी घ्यायची नाही"? २०१६ मध्ये वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने सगळे अभ्यास एकत्र पाहिले, आडवं पडून राहिल्याने ही डोकेदुखी टळते असा पुरावा मिळाला नाही. बाळंतिणीच्या उशा काढून घेणाऱ्या सासवांशी मी तरीही वाद घालत नाही. दोन दिवसांनीही डोकं उतरलं नाही तर मात्र हॉस्पिटलला फोन करा, उपाय आहे.

आजोबांचा खुबा मोडलाय. वयामुळे पूर्ण भूल नको, कमरेखालचीच द्या, असं सगळे म्हणतात.

मीही असंच म्हणायचो. २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १,६०० पेशंटचा अभ्यास आला: ६० दिवसांनी मृत्यू किंवा चालता न येणं, दोन्ही भुलींत सारखंच, सुमारे १८ टक्के. भ्रमाचं प्रमाणही जवळपास सारखं. पुढच्या वर्षी चीनमधल्या ९५० पेशंटनी तेच दाखवलं. त्यामुळे आता मी हृदय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि आजोबांची इच्छा पाहून ठरवतो.

तुम्ही खरी मदत करू शकता ती ऑपरेशननंतरच्या भ्रमात. आजोबा रात्री "मला घरी ने" म्हणून सलाइन ओढतात, माणसं ओळखत नाहीत. चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी रिकव्हरीतच द्या, घड्याळ समोर ठेवा, ओळखीचा आवाज जवळ असू द्या. झोपेच्या गोळ्या मागू नका. मेंदूच्या लहरी पाहून भूल मोजून दिली तर भ्रम कमी होईल अशी आम्हाला आशा होती. २०१९ च्या १,२३२ पेशंटच्या अभ्यासात ती खरी ठरली नाही. चष्म्यावर मात्र माझा विश्वास आहे.

आठ महिन्यांच्या बाळाला भूल दिली तर बुद्धीवर परिणाम होतो का?

एकदा, थोडा वेळ दिलेल्या भुलीने होत नाही. सात देशांतल्या ७२२ बाळांचा पाठपुरावा झाला. तासाभराच्या आतली पूर्ण भूल आणि जागेपणी तेवढाच भाग बधिर करणारी भूल (ब्लॉक), पाच वर्षांच्या वयात बुद्ध्यांक सारखाच. तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल द्यावी लागली तर काय, याबद्दल २०१६ मध्ये अमेरिकन नियंत्रकाने सावधगिरीचा इशारा दिला. पण हर्निया अडकलेल्या बाळाचं ऑपरेशन या भीतीने पुढे ढकलणं हाच मोठा धोका.

ऑपरेशन चालू असताना जाग आली तर?

ब्रिटनच्या राष्ट्रीय पाहणीत (२०१४) अशी तक्रार साधारण १९,००० भुलींमागे एक आढळली. पूर्ण भुलीतल्या सीझरमध्ये प्रमाण बरंच जास्त, ६७० मागे एक. कमरेखालच्या भुलीत जागं असणं, आवाज ऐकू येणं हे ठरलेलंच असतं, त्याला जाग येणं म्हणत नाहीत. आवाज नको असतील तर इयरफोन आणा. भजनं लावणाऱ्या काकू आणि जुनी गाणी लावणारे काका, दोघंही चालतात.

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये भुलीचं औषध बदलल्याने आजार परत यायचा थांबतो का?

पुष्कळ वर्षं असं वाटत होतं. २०१९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या २,१०८ बायकांवरच्या अभ्यासात भुलीचा प्रकार बदलून काही फरक पडला नाही, दोन्ही गटांत सुमारे १० टक्क्यांत आजार परतला.

पण दुसरी बातमी आपल्याकडची आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने भारतातल्या ११ केंद्रांत जवळपास १,६०० बायकांवर अभ्यास झाला. गाठ काढण्याच्या ७ ते १० मिनिटं आधी सर्जनने गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं. पाच वर्षांनी हयात होत्या ९०.१ टक्के, न टोचलेल्या गटात ८६.४ टक्के. दात काढताना देतात तेच हे औषध, किंमत चहा-नाश्त्याएवढी. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तुमच्या सर्जनला विचारा. विचारल्याने कोणी लहान होत नाही.

चार वेगवेगळी माणसं येऊन नाव आणि कोणता पाय ते विचारतात. फाइल वाचत नाहीत का?

वाचतात, म्हणूनच विचारतात. हे प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेच्या १९ मुद्द्यांच्या सुरक्षा-यादीतले आहेत, ती यादी २००८ ची आहे. दिल्लीसह आठ शहरांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. कंटाळा न करता चारही वेळा उत्तर द्या.

भूल उतरवायच्या इंजेक्शनमुळे गर्भनिरोधक गोळी निकामी होते हे खरं?

सुगॅमाडेक्स दिलं असेल तर हो. स्नायू सैल करणाऱ्या औषधाला ते जसं पकडतं तसं गोळीतल्या संप्रेरकालाही पकडतं. पुढचे ७ दिवस निरोधसारखं दुसरं साधन वापरा. हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं, म्हणून डिस्चार्जच्या वेळी स्वतः विचारा.

भुलीच्या वायूने प्रदूषण होतं?

होतं. डेसफ्लुरेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट हवा तापवतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून अगदीच गरज असल्याखेरीज त्याचा वापर बंद केला. आम्ही बरेच जण आधीच दुसऱ्या वायूकडे किंवा शिरेतून देण्याच्या भुलीकडे वळलो आहोत. तुमच्या झोपेत काही फरक पडत नाही.

भूल देणारा खरंच डॉक्टर असतो का?

एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी किंवा डीएनबी. दुर्गम भागात तातडीच्या सीझरसाठी एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचं जीवरक्षक भुलीचं प्रशिक्षण देण्याची सरकारी योजना आहे, कारण तज्ज्ञ पुरत नाहीत. भूलतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या मते लाखामागे किमान ५ भूलतज्ज्ञ हवेत. मेडिकल, मेयो, एम्स ही सरकारी आणि वर एवढी खासगी हॉस्पिटलं असलेल्या नागपुरात बसून गडचिरोलीची टंचाई कळत नाही. संगणक भूल देईल का, हेही विचारतात. तो बीपी पडण्याचा अंदाज सांगू लागलाय. खर्रा खाल्ला का, हे अजून विचारत नाही.

काही होणार तर नाही नं जी?

ब्रिटनच्या २०२३ च्या पाहणीत ऑपरेशनच्या सुमारास हृदय थांबण्याचं प्रमाण ३,००० मागे एक होतं, तेही बहुतांश आधीच खूप आजारी किंवा तातडीच्या पेशंटमध्ये. औषधाची जीवघेणी ॲलर्जी १०,००० मागे एक. हे आकडे शून्य नाहीत, आणि मी ते शून्य आहेत असं सांगणार नाही. तुमच्या पेशंटचा आकडा कुठे बसतो ते त्याच्या हृदयावर, तोंडावर, रक्तावर आणि त्याने मला काय सांगितलं त्यावर ठरतं. म्हणून आता माझे प्रश्न. शेवटचं काय खाल्लं, किती वाजता? कोणती इंजेक्शनं? घरात सिकलसेल? आणि खिशातली ती पुडी, काका, कधीची आहे?